आमेननंतरचा आवाज

१

हॅचर काउंटीतली निम्मी मरायला टेकलेली माणसं चांगली ठणठणीत आहेत, ही बातमी गुरुवारी सकाळी कोर्टातून बाहेर पडली आणि दुपारच्या जेवणापर्यंत गावभर झाली. खरं म्हणजे गावाला ते आधीपासून ठाऊक होतं. ओटिस रेनफ्रो सरकारदरबारी शेवटच्या घटका मोजत होता आणि दर रविवारी चर्चमध्ये सगळ्यांत वरच्या पट्टीत गात होता. टरबॉटबाई तर मरता मरता शिडी लावून स्वतःचं छप्पर दुरुस्त करायच्या. यात काहीतरी पाणी मुरतंय हे कळत सगळ्यांनाच होतं. पण फुकटचा पलंग आणि घरी येणारी नर्स कोणाला नको असते?

पाणी मुरत होतं ते रॉयस पेटीग्रूच्या 'क्वाएट फेरी' या कंपनीत. डॉक्टरने 'आता फार तर सहा महिने' असं सांगितलेल्या माणसाच्या घरी जाऊन त्याची शेवटची सेवा करायची, हा तिचा धंदा. नर्स, औषधं, प्रार्थना, सगळं कंपनीचं, आणि दर दिवसाचे पैसे सरकारचे. त्यामुळे माणूस मरणपंथाला लागून मेला नाही, तर रॉयसला फारसं वाईट वाटत नसे.

आता कोणीतरी त्याच्यावर दावा लावला होता. सरकारला कोणी लुबाडताना दिसलं, तर सरकारच्या वतीने साध्या माणसालाही कोर्टात जाता येतं, कायदाच तसा आहे. फक्त अट कडक असते. दावा सीलबंद राहतो, आणि सरकारची चौकशी पुरी होईपर्यंत लावणाऱ्याने कोणापाशी चकार शब्द काढायचा नाही. हा दावा बरीच वर्षं असा कुलपात पडून होता. आता सील उघडलं, पण लावणाऱ्याचं नाव कोर्टाने अजून झाकून ठेवलं होतं. एवढंच कळलं होतं की तो माणूस कंपनीच्या बैठकीत बसायचा आणि त्याच्या खिशात रेकॉर्डर असायचा.

शुक्रवारी कंपनीचा वकील ट्रेंट ब्लेलॉक वर्डी मॅकलिनच्या ओसरीवर येऊन बसला. वर्डी शेरीफच्या कचेरीतली डिटेक्टिव्ह होती, नुकतीच निवृत्त झालेली. अर्ध्या अलाबामातल्या चोरांना तिने बोलतं केलं होतं.

"मिस वर्डी, तुमच्या हातच्या गोड चहाला तोड नाही बघा."

"चहा पी आणि मुद्द्यावर ये, ट्रेंट. तुझे वडीलही असंच लांबण लावायचे."

"रॉयसला नाव हवंय. सोमवारी कोर्टात उभं राहायच्या आधी."

"नाव कोर्टाने झाकलंय ना?"

"झाकलंय. पण अंदाज करायला कोणाची बंदी आहे?"

"आणि अंदाज बरोबर निघाला की?"

ट्रेंटने हातातला ग्लास उगाच फिरवला. "रॉयसच्या मनात काय आहे ते मी विचारत नाही. त्याची बायको शेरीफची बहीण आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्या माणसाला या काउंटीत पुन्हा सुखाने झोप लागायची नाही, एवढं खरं."

हे ऐकून वर्डीने त्याला वाटेला लावायला हवं होतं. ते तिला कळतही होतं. तरी तिने विचारलं, "बैठकीला कोण कोण असायचं?"

"रॉयस, आणि लिहून घ्यायला त्याची मुलगी. ती दोघं सोडली तर तिघंच उरतात. नर्स नीटा स्पाइक्स. डॉक्टर व्हेन." ट्रेंट थांबला आणि बुटांकडे बघू लागला. "आणि तिसरा म्हणजे..."

"माझा नवरा," वर्डी म्हणाली.

२

होलिस मॅकलिन कागदावर अजून तिचा नवराच होता. क्वाएट फेरीचा तो चॅपलन, म्हणजे मरणाऱ्याच्या उशाशी बसून प्रार्थना म्हणणारा आणि त्याच्या माणसांना धीर देणारा. वादळाच्या वर्षी, ऑक्टोबरात, एका संध्याकाळी जेवण झाल्यावर त्याने ताटं धुतली, पुसून फडताळात लावली, आणि म्हणाला, "वर्डी, मला जायला हवं." पिशवी भरलेलीच होती.

दुसरी बाई नव्हती. दारू नव्हती. भांडण म्हणाल तर आदल्या आठवड्यात मक्याचा पाव जळला यावरून झालं होतं तेवढंच, आणि त्यात दोघंही हसली होती. तो नदीपलीकडे, मेलेल्या भावाच्या घरात जाऊन राहिला. तिने फोन केले, दोनदा दारात जाऊन उभी राहिली. तो दार उघडायचा, तिच्याकडे बघायचा, आणि "मला सांगता येत नाही" एवढंच म्हणायचा. पुढे तिने जाणं सोडलं. म्हणजे दारात जाणं सोडलं. दुकानातून येताना ती अजूनही नदीपलीकडून वळसा घ्यायची आणि त्याची गाडी अंगणात दिसली की तिला हायसं वाटायचं. या वयात हा वेडेपणा आहे हे तिला ठाऊक होतं, पण त्याला इलाज नव्हता.

म्हणून तिने ट्रेंटला "बघते" म्हटलं. नाव शोधायचं तर सगळ्यांना भेटावं लागणार. होलिसलाही भेटावं लागणार. समोर बसवून, कामाचं म्हणून, चार प्रश्न विचारता येणार. त्यात पाचवा घुसवता आला असता.

ट्रेंटने तिच्यापाशी काही रेकॉर्डिंग ठेवली. तडजोडीचं बोलणं चालावं म्हणून सरकारी वकिलांनीच ती कंपनीला दिली होती. वर्डीने स्वयंपाकघराच्या टेबलावर यंत्र ठेवलं आणि ऐकायला बसली.

पहिला आवाज एका शब्दाच्या शेपटाचा होता. सगळ्यांनी मिळून म्हटलेलं '...मेन'. मग खुर्च्या सरकल्या. दार उघडलं, डॉक्टर व्हेनचा घोगरा आवाज आला, "उशीर झाला, माफ करा." मग रॉयस.

"कोणाला यादीतून काढायचं म्हणतेस, नीटा? रेनफ्रोला? का बरं?"

"तो गाडी चालवतो हो, मिस्टर पेटीग्रू. बोट ओढत नेतो."

"मग काय झालं? श्वास घेतोय ना, म्हणजे मरतोच आहे. आपण सगळेच मरतोय. लिही, प्रकृती खालावते आहे."

कोणीतरी कसनुसं हसलं. वर्डीने दुसरं रेकॉर्डिंग लावलं, मग तिसरं. रॉयस सगळीकडे तसाच होता, मरणावरही विनोद करणारा. पण वर्डीचं रॉयसकडे अर्धंच लक्ष होतं. बैठक सुरू व्हायच्या आधी होलिस प्रार्थना म्हणायचा, हे ती जाणून होती. त्या पंधरवड्यात गेलेल्यांची नावं तो एकेक करून, सावकाश, घरच्या माणसाला हाक मारावी तशी घ्यायचा. तो आवाज तिला ऐकायचा होता. बस, एवढंच. बाकी रॉयस गेला खड्ड्यात.

तिने सगळी रेकॉर्डिंग पालथी घातली. होलिस मधूनच एखादं 'हो' किंवा 'गेलो होतो मी तिथे' म्हणायचा. प्रार्थना मात्र एकातही नव्हती. प्रत्येक वेळी तोच '...मेन' आणि त्याच खुर्च्या.

तिला इतकं वाईट वाटलं की आधी त्यातलं नवल तिच्या लक्षातच आलं नाही. ते आलं भांडी घासताना. चोरून रेकॉर्डिंग करणारा माणूस यंत्र गाडीतच सुरू करून आत येतो, म्हणजे भरल्या खोलीत खिसा चाचपावा लागत नाही. हा मात्र दर वेळी सगळ्यांसमोर धोका पत्करत होता. का?

३

नीटा स्पाइक्स आता शाळेत नर्स होती. शनिवारी सकाळी ती ओसरीवर बटर बीन्स सोलत बसली होती. वर्डीला बघून तिने नाक मुरडलं. तिच्या भावाला वर्डीनेच एकदा आत टाकलं होतं.

"बसा," ती म्हणाली. "सोलता सोलता बोला. फुकट बसलेलं मला चालत नाही."

वर्डीने मूठभर शेंगा मांडीवर घेतल्या. "नीटा, मी आडपडदा ठेवत नाही. डॉक्टर व्हेन म्हणाले, रेकॉर्डर तुझ्या खिशात होता. त्यांनी बघितला."

"त्या म्हाताऱ्याने?" नीटाच्या हातातलं भांडं कलंडलं. "तो काय बघतो डोंबल! इतकी वर्षं मला मेलिंडा म्हणायचा. मेलिंडा माझ्या आधीची नर्स! असं म्हणाला तो? चला, आत्ता जाऊ त्याच्याकडे, माझ्या तोंडावर म्हणू दे!"

वर्डी तिच्या चेहऱ्याकडे शांतपणे बघत राहिली. मग म्हणाली, "नाही म्हणाला. मी अजून त्याला भेटलेच नाही."

नीटा आ वासून बघत राहिली. "आणि तुम्ही डोळ्याचं पातंही न लववता..."

"सवय असते गं. राग मानू नकोस."

"तुम्ही पोलिस लोक म्हणजे ना!" पण तिला हसू आलं होतं. "मी केलं असतं तर अभिमानाने सांगितलं असतं. धीर नाही झाला माझा. पोरं शिकत होती."

"बैठकीच्या सुरुवातीला प्रार्थना व्हायची ना? कशी, ते सांग."

"कशी म्हणजे? सगळीकडे होते तशीच. उभं राहायचं, गोल करायचा, एकमेकांचे हात धरायचे, डोळे मिटायचे. माझ्या एका बाजूला रॉयस, दुसऱ्या बाजूला त्याची पोरगी. रॉयसची ती जाडजूड अंगठी माहीत आहे ना? बोटं चिरडायची. आणि आमेन झालं तरी सोडायचा नाही. 'आपण सगळे एक कुटुंब,' म्हणायचा. दर वेळी हात ओढून घ्यावा लागायचा."

"होलिस कोणाचा हात धरायचा?"

"तो कसा धरेल? तो मधे उभा असायचा, बायबल घेऊन." नीटाने शेंगांवरची नजर उचलली. तिचा आवाज जरा खाली आला. "फार सुंदर प्रार्थना म्हणायचा हो. तुम्हाला मी सांगायला नको."

वर्डीने शेंगा सोलल्या.

"एक मात्र मला कळलं नाही," निघताना नीटा म्हणाली. "दाव्यात सगळ्यांची आद्याक्षरं आहेत. रेनफ्रो आहे, टरबॉटबाई आहेत. तुमच्या आईही आमच्या यादीत होत्या, त्यांचं नाव कसं नाही? मी असते तर पहिलं तेच घातलं असतं!"

डॉक्टर व्हेन त्याच्या नेहमीच्या धक्क्यावर गळ टाकून बसला होता. खोट्या आजारांवर सह्या त्याच्याच होत्या, तेव्हा आपली कातडी वाचवायला आधी तोच कोर्टात पळाला असेल, असं रॉयसचं म्हणणं. वर्डीने त्याला एकच विचारलं, बैठकीला तुम्ही नेहमी उशिरा का जायचा?

"मुद्दाम," डॉक्टर म्हणाला. "माझा देवावर विश्वास नाही, बाई. आणि या गावात हे बोलायची सोय नाही. म्हणून गाडीत बसून राहायचो. त्यांचं आमेन झालं की आत. एकदाही आधी गेलो नाही."

त्याने गळ वर ओढला. मासा आमिष खाऊन गेला होता. वर्डीने मनातल्या मनात डॉक्टरवर काट मारली. दर रेकॉर्डिंगमध्ये दार उघडून तो आत येतो ते ऐकू येत होतं, म्हणजे यंत्र त्याच्याआधी खोलीत होतं आणि सुरू झालेलं होतं.

नीटाचा शेवटचा प्रश्न डोक्यात घेऊन ती आईच्या घराकडे वळली.

४

मिस ओझेला, वर्डीची आई, टरबॉटबाईंच्या नावाने खडे फोडत बसली होती.

"सगळ्या चर्चभर मिरवते ती! म्हणे, 'माझं नाव दाव्यात आलं.' आणि माझं? मी काय तिच्यापेक्षा कमी धडधाकट आहे? गेल्या आठवड्यात सगळं परस मी खणलं!"

"आई, तुला मरणाऱ्यांत घातल्यालाच किती वर्षं झाली."

"तेच म्हणते मी! माझा हक्क होता."

वर्डी हसली नाही. ती आईच्या शेजारी बसली. "तुला हृदयाचा झटका आला तेव्हा क्वाएट फेरीच्या कागदांवर सही कोणी केली, आठवतंय?"

"तूच केलीस. मला कुठे शुद्ध होती?"

"आणि मग तू बरी झालीस. कागद तसेच राहिले. तुझं नाव दाव्यात असतं तर सही करणारीला कोर्टात बोलावलं असतं. विचारलं असतं, बाई, तुम्ही पोलिसात, तुमची आई परस खणते, तुम्हाला दिसलं नाही का?"

म्हातारी चांगली तल्लख होती. "म्हणजे कोणीतरी तुला वाचवलं."

"नीटाने वाचवलं नसतं. डॉक्टरला तर तू कोण हेही आठवत नाही."

बाहेर शेजाऱ्याचं गवत कापायचं यंत्र घुंघुं करत होतं. मिस ओझेलाने पदराशी चाळा करावा तसा एप्रनच्या बंदाशी चाळा सुरू केला. वर्डीने तो ओळखला.

"काय लपवतेस?"

"लपवत नाही. कोणी विचारलं नाही म्हणून बोलले नाही." म्हातारीने खिडकीकडे बघत सांगितलं, "तो मंगळवारी यायचा. तू कामावर असताना. चॅपलन म्हणून यायचा, प्रार्थना म्हणायचा, चांगला चॅपलनसारखा बसायचा. आणि निघताना दारात थांबून विचारायचा, 'वर्डी जेवते ना वेळेवर? खोकला गेला का तिचा?'"

"आणि तू मला..."

"सांगितलं असतं तर तू मंगळवारी इथे दबा धरून बसली असतीस. आणि तो यायचा थांबला असता. मलाही तो आवडतो गं. मेला सोडून गेला तुला, पण आवडतो." तिने लेकीचा हात धरला. "तुझ्या तोंडावर सगळं दिसतं, पोरी. लहानपणापासून. तुला काही सांगायचीच भीती वाटते."

गाडीत बसून वर्डीने ट्रेंटला फोन लावला. "दावा कोर्टात कधी दाखल झाला?"

कागद चाळल्याचा आवाज आला. "वादळाच्या वर्षी. ऑक्टोबर. का?"

"सहज," ती म्हणाली.

मग तिने पहिलं रेकॉर्डिंग पुन्हा लावलं आणि फक्त सुरुवातीचा क्षण ऐकला. पुन्हा ऐकला. '...मेन' अजून हवेत होतं. सगळ्यांच्या तोंडून शब्द पुरता बाहेर पडायच्या आत कळ दाबली गेली होती. त्या क्षणी गोलातल्या प्रत्येकाचे दोन्ही हात दुसऱ्या कोणाच्या तरी हातात होते.

५

रविवारी चर्च सुटल्यावर ती नदी ओलांडून गेली, आणि या वेळी वळसा न घेता सरळ अंगणात गाडी घातली. होलिस घरामागच्या फळीवर मासे साफ करत होता. तो वाळला होता. दाढीत पांढरं फार झालं होतं. तिला बघून त्याने सुरी खाली ठेवली आणि हात धुतले, पुन्हा धुतले.

"कामाने आलीस?" त्याने विचारलं.

"रॉयसच्या कामाने."

"अस्सं." तो पायरीवर बसला. तिच्यासाठी त्याने खुर्ची सरकवली, पण ती उभीच राहिली.

"डॉक्टर नाही," ती म्हणाली. "तो आमेननंतर यायचा. नीटा नाही, तिचा हात रॉयसच्या मुठीत अडकलेला. रॉयस स्वतःला पकडून देणार नाही आणि त्याची पोरगी बापाला. हात मोकळा फक्त एकाचा होता. आणि होलिस, हातांचं जाऊ दे. दुसरा कोणीही असता तर त्याने यंत्र गाडीतच लावलं असतं. प्रार्थना सुरू असताना ते बंद ठेवायचं, मेलेल्यांची नावं त्या फितीवर जाऊ द्यायची नाहीत, म्हणून दर वेळी जीव धोक्यात घालायचा, असला वेडेपणा करणारा माणूस मला एकच माहीत आहे."

होलिस जमिनीकडे बघत होता. "देवाशी बोलताना खिशात सरकार नको होतं मला," तो म्हणाला.

"तेवढ्याने पकडला गेलास."

"तू सोडून कोणाच्या लक्षात आलं असतं?"

"मी तुझा आवाज शोधत होते," वर्डी म्हणाली. "तुझी प्रार्थना ऐकायची होती मला. सगळी रेकॉर्डिंग त्यासाठी उपसली. ती कुठेच नव्हती."

त्याने वर बघितलं. डोळे भरले होते. माशांवर माश्या बसू लागल्या होत्या, पण त्याचं तिकडे लक्ष नव्हतं.

"आता सील उघडलंय," ती म्हणाली. "आता तरी सांग. का गेलास?"

"सरकारी वकील म्हणाले, काही महिने. कोणाला सांगायचं नाही. घरात तर मुळीच नाही, कारण घरात तू होतीस, आणि तुझा शेरीफ म्हणजे रॉयसचा मेहुणा. मग म्हणाले, आणखी थोडे महिने. मग आणखी. दर वेळी कोर्ट मुदत वाढवायचं." त्याने तोंडावरून हात फिरवला. "मला वाटलं, सांगितलं तर दावा बुडेल. नाही सांगितलं आणि तुझ्याबरोबर राहिलो, तर तू एका संध्याकाळी ओळखशील. माझं काय तू ओळखलं नाहीस आजवर? आणि एकदा तुला कळलं की रोज सकाळी त्या शेरीफसमोर उभी राहणार. तो विचारणार, 'काय वर्डी, घरी सगळं ठीक?' आणि तुझ्या तोंडावर..." तो थांबला. "तुला खोटं बोलता येत नाही, वर्डी. आपल्या सबंध संसारात तू माझ्याशी एकदाही खोटं बोलली नाहीस. पावाचं पीठ विसरलीस तरी तुझे कान लाल व्हायचे. त्यांनी तुला पिळून काढलं असतं. म्हणून मी..."

वर्डीच्या पर्समध्ये फोन वाजला. ट्रेंट ब्लेलॉक. तिने होलिसकडे एकदा बघितलं आणि फोन कानाला लावला.

"हं, ट्रेंट. हो, झालं माझं. सगळ्यांना भेटले... छे रे. नीटा असती तर तिने चर्चमध्ये उभं राहून सांगितलं असतं, तिच्या पोटात काय राहतंय? डॉक्टरला नर्सचं नाव आठवत नाही, तो काय रेकॉर्ड करतोय." ती हसली, मोकळं, घशातून. "होलिस? अरे, त्याच्याच घरी बसलेय आत्ता, मासे कापतोय. ट्रेंट, त्या माणसाला गाडीतला रेडिओ लावता येत नाही. मी इतकी वर्षं त्याच्या शेजारी बसून स्टेशन बदललंय. त्याच्याकडून हे होणं शक्य आहे का? ... ते मला विचारशील तर, रॉयसच्या पोरीला कोणी मैत्रीण आहे का बघ, ती पोरगी टेबलावर चालू फोन ठेवून बाहेर जायची म्हणे. पण खरं सांगू, माझ्या हाती काही लागलं नाही. आणि लागणारही नाही. पैसे पाठवू नकोस. तुझ्या आईला विचारलं म्हणून सांग."

तिने फोन पर्समध्ये टाकला. तिचे कान जसे होते तसेच होते.

होलिस तिच्याकडे बघतच राहिला.

"तुला येतं?"

"काय?"

"हे. असं बोलायला."

"अख्खा जन्म चोरांशी बोलण्यात गेला, होलिस. मला कसं येणार नाही?"

"मग मला कधीच... इतक्या वर्षांत मला एकदाही..."

"तुझ्याशी खोटं बोलायची वेळच आली नाही," वर्डी म्हणाली. "तू कुठे चोर होतास?"

होलिसने दोन्ही हातांत तोंड झाकलं. आधी तो नुसता बसून राहिला, मग त्याचे खांदे हलायला लागले. तो काय मोजत होता ते तिला कळत होतं, कारण तीही तेच मोजत होती. सगळे मंगळवार, सगळे वळसे, ती जेवते का म्हणून आईला विचारणं. एका प्रश्नावाचून गेलेलं सगळं. त्याने तिला नुसतं विचारलं असतं, तर ती सांभाळून घेऊ शकत होती. आजन्म सांभाळून घेतलं असतं.

तिला त्याचा राग यायला हवा होता. तो येईलही, पुढे कधीतरी, सवडीने. आत्ता तिने ती रिकामी खुर्ची उचलली, पायरीला लागून ठेवली आणि त्याच्या शेजारी बसली.

"म्हण," ती म्हणाली.

"काय म्हणू?"

"प्रार्थना. पहिल्यापासून. नावं घेऊन."

त्याला सुरुवात करायला फार वेळ लागला. ती थांबली.